नाक तुटलेला विठोबा आणि कर्नाकचा खड्डा



आजचं वाचन एकनाथी भागवताचा सत्ताविसावा अध्याय. उद्धव देवाला विचारतो, तुझी पूजा नेमकी करायची तरी कशी? एवढा ज्ञानी उद्धव, आणि प्रश्न बघा, आपल्या घरातल्या सुनेनं सासूला विचारावा तसा. देवही तितकंच घरगुती उत्तर देतो. मूर्ती कशाकशाची चालते ते आधी सांगून टाकतो. दगड, लाकूड, धातू, लेप, चित्र, वाळू, रत्न, आणि काहीच नसेल तर नुसती मनातली. एकूण आठ प्रकार. हा भाग मी दरवर्षी वाण्याच्या यादीसारखा भरभर वाचते. या वर्षी दगडापाशीच अडकले.

कारण आधी सांगायला लाज वाटत होती, आज सांगते. मे महिन्यात आम्ही घर बदललं. आई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. देवघर मीच आवरायला घेतलं, आणि तिचा काळ्या दगडाचा वीतभर विठोबा माझ्या हातून निसटला. फरशीवर पडला. नाकाचा टवका उडाला. हा विठोबा आईला तिच्या आजीनं दिलेला. म्हणजे तीन बायकांच्या हातून रोज अंघोळ घातलेला देव, आणि चौथीनं पहिल्याच महिन्यात पाडला.

काकांना फोन केला. काका म्हणाले, "अगं, एवढं रडायचं नाही. पण खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. गुरुजींना बोलावू, उत्तरपूजा करू आणि नदीत सोडू." मी हो म्हटलं. आणि विठोबाला आईच्या एका खणात गुंडाळून, बुटांच्या खोक्यात ठेवून, खोकं कपाटाच्या माळ्यावर सरकवून दिलं. त्याला आता आठ महिने झाले. पूजेत ठेवता येईना, सोडताही येईना. रोज खालच्या देवांना फुलं वाहायची आणि वर बघायचं नाही, असं चाललं होतं.

आता इजिप्त मध्येच कुठून आलं, तर तेही आईमुळेच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये प्राचीन शिल्पांचं एक प्रदर्शन सुरू झालं होतं. भारत, इजिप्त, अ‍ॅसिरिया, ग्रीस, रोम, सगळ्यांची शिल्पं एका छताखाली. मी आईला घेऊन गेले होते. खरं सांगायचं तर मला फोटो काढायचे होते. आई इजिप्तच्या एका दगडी मूर्तीसमोर थांबली, चपलेतून पाय बाहेर काढला आणि हात जोडले. मी कानात म्हटलं, "आई, हे म्युझियम आहे." ती म्हणाली, "कुणाचा तरी देवच ना गं." आणि मग विचारलं, "यांची पूजा आता कोण करतं?"

मी म्हटलं, कोणी नाही. ती गप्प झाली. तिचा चेहरा असा झाला होता, की शेजारच्या घरात कोणी म्हातारं माणूस उपाशी आहे असं मी सांगितलं असावं.

गेले काही महिने मी तिचा तो प्रश्न घेऊन वाचतेय. त्यातलं थोडं आज तुमच्यापुढे ठेवते. आधी एक विनंती. 'रामसेस म्हणजे आपला राम' असा एक फॉरवर्ड दर वर्षी फिरतो. कृपा करून पुढे पाठवू नका. रामसेस या नावाचा अर्थ 'ज्याला रा या सूर्यदेवानं जन्म दिला तो'. आपल्या रामाला असल्या आधाराची गरज नाही. पण त्या नावातल्या 'जन्म देणे' या क्रियापदात खरी गंमत आहे. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मूर्ती घडवण्यासाठीही तेच क्रियापद वापरत. मूर्ती 'कोरली' असं नाही, मूर्ती 'जन्माला आली'. आणि शिल्पकाराला जो एक शब्द होता त्याचा अर्थ 'जिवंत करणारा'.

अर्थात नुसतं कोरून झालं की ती जिवंत होत नसे. त्यासाठी एक विधी होता, 'मुख उघडण्याचा'. पुरोहित मूर्तीला स्नान घाली, धूप दाखवी आणि सुताराच्या वाकसासारखं हत्यार तिच्या तोंडाला, डोळ्यांना लावी. त्यानंतर ती मूर्ती पाहू शकते, श्वास घेऊ शकते, खाऊ शकते, असं ते मानत. हाच विधी मृताच्या ममीवरही करत. वाचताना आपलं नेत्रोन्मीलन आठवलंच तुम्हाला. आपल्याकडेही प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे उघडण्याचा संस्कार असतोच. कोणी कोणाकडून घेतलं याच्या वादात मला पडायचं नाही. माणूस दगडासमोर बसला आणि त्याला बोलावंसं वाटलं, की तो आधी त्या दगडाचे डोळे आणि तोंड उघडतो, एवढं मला पटतं.

पण खरा जीव रमला तो त्यांच्या नित्यपूजेत. अबायडॉसला सेती पहिला या राजानं बांधलेलं मंदिर आहे, सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचं. तिथल्या गाभाऱ्यांच्या भिंतींवर ही पूजा टप्प्याटप्प्यानं कोरलेली आहे. पहाटे पुरोहित देव्हाऱ्याच्या दारावरची मातीची मोहोर तोडायचा. कडी सरकवायचा. दार उघडलं की देवाचं दर्शन, मग जमिनीवर लोटांगण. मग धूप. कालची वस्त्रं उतरवायची, देवाला पुसून घ्यायचं, नवी वस्त्रं रंगारंगाची एकेक करून चढवायची, सुगंधी तेल लावायचं. आपण गंध अनामिकेनं लावतो, ते तेल करंगळीनं लावत. नैवेद्य दाखवायचा. तो देवापुढून काढला की मंदिरातल्या दुसऱ्या मूर्तींपुढे आणि शेवटी पुरोहितांच्या घरी, म्हणजे आपला प्रसादच. हे सगळं झालं की दार लावायचं, पुन्हा मोहोर करायची, आणि निघताना स्वतःच्या पावलांचे ठसे केरसुणीनं पुसत मागे मागे यायचं.

हे पाऊल पुसणं मी वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. आई देवघर पुसून झालं की उलट्या पावलांनी बाहेर यायची, ओल्या फरशीवर ठसा उठू नये म्हणून. त्यात काही अध्यात्म नव्हतं हो. फरशी खराब होऊ नये एवढंच. पण 'मी इथे येऊन गेले' याची खूण मागे ठेवायची नाही, ही शिस्त तिच्या पायांना होती. आपल्याला पूजा केली की आधी स्टेटस टाकायचा असतो. मलाही असतो, तुम्हाला एकट्याला बोलत नाही.

आणखी एक. इजिप्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ते अवाढव्य दगड येतात. अबू सिंबेलच्या दारातले रामसेस दुसऱ्याचे चार पुतळे सुमारे वीस-वीस मीटर उंच आहेत. अस्वान धरणाच्या पाण्यात ते बुडणार होते, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अख्खं मंदिर कापून, उचलून वर नेलं. फोटो त्यांचेच निघतात. पण पूजा होई ती या राक्षसी पुतळ्यांची नव्हे. रोज जिला वस्त्रं चढत, जिला तेल लागे, ती मूर्ती गाभाऱ्यातल्या अंधारात, एका दगडी देव्हाऱ्यात असे, आणि ती लहान, हातात उचलून पालखीसारख्या नावेत बसवता येईल एवढी असे. पुष्कळदा सोन्याचांदीची. म्हणूनच त्यातल्या जवळजवळ एकही उरली नाही, सगळ्या वितळल्या. एडफूच्या मंदिरात असा एक देव्हारा अजून जागेवर आहे. ग्रॅनाइटचा, उंच, गुळगुळीत, नेक्टानेबो दुसरा या राजानं २३०० वर्षांपूर्वी करवून घेतलेला. मंदिर त्याच्याभोवती नंतर बांधलं गेलं. आत देव नाही. मी त्याचा फोटो मोठा करून करून बघितला. रिकामा देव्हारा ज्यानं घरात बघितलाय, त्याला तो फोटो फार वेळ बघवत नाही.

आता तुम्ही विचाराल, गाभाऱ्यात तर फक्त पुरोहित, मग सामान्य माणसानं काय करायचं? त्यानं वाटा शोधल्या होत्या. कर्नाकच्या प्रचंड मंदिराच्या मागच्या, पूर्वेच्या बाजूला एक ठिकाण होतं, तिथला देव 'प्रार्थना ऐकणारा' होता. लोक दगडाच्या छोट्या फळ्यांवर कान कोरून अर्पण करत. नुसते कान! देवा, तुझे कान हे इथे आहेत, आता ऐक. देइर अल-मदिना नावाच्या गावात राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर राहत. त्यांच्यातल्या नेफेराबू नावाच्या एकानं अशाच एका शिळेवर उघड कबुली दिलेली आहे. मी पताह देवाची खोटी शपथ घेतली, आणि त्यानं मला भरदिवसा अंधार दाखवला. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा एक कामगार आपली चूक दगडावर कोरून, सगळ्या गावाला दिसेल अशी उभी करतो आणि दया मागतो. ती शिळा आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरही कान आहेत. मी आठ महिने माझी चूक बुटांच्या खोक्यात ठेवली होती.

कर्नाकलाच हापूचा मुलगा आमेनहोतेप याचे पुतळे होते. हा राजाचा मोठा अधिकारी, मांडीवर लेखनाची गुंडाळी उलगडून, मान खाली घालून बसलेला. पुतळ्यावर लिहिलंय त्याचा आशय असा, की लोकहो, तुमचं मागणं मला सांगा, मी ते आत आमून देवापर्यंत पोहोचवतो. म्हणजे आपला नंदी. शंकराच्या देवळात नंदीच्या कानात बोलतोच ना आपण. त्याच्या मांडीवरचा तो दगडी कागद लोकांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालाय. इथे मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. आमेनहोतेपलाही देवाच्या दाराशी कायमचं बसायचं होतं, नामदेवांनाही. एकानं तिथे पुतळा होऊन जागा घेतली, दुसऱ्यानं पायरी होऊन. माझं मन नामदेवांकडे ओढतं हे लपवत नाही. पण झिजलेला दगड दोघांकडेही आहे.

मग नाकाचं. मला खरं तेच शोधायचं होतं.

इजिप्तच्या कितीतरी मूर्तींची नाकं तुटलेली दिसतात. काही पडून, काळानं. पण पुष्कळ मुद्दाम छिन्नी लावून. कारण मूर्ती नाकानं श्वास घेते, नाक फोडलं की श्वास बंद. कधी शत्रूनं, कधी थडगी लुटणाऱ्यानं, पुढे धर्म बदलल्यावर नव्या श्रद्धेच्या लोकांनी. आखेनातेन राजाच्या माणसांनी तर आमून देवाचं नावसुद्धा भिंतीभिंतीवरून खरवडून काढलं होतं. गंमत बघा, मूर्ती फोडणाऱ्याचाही तिच्यात जीव आहे यावर पूर्ण विश्वास होता. नुसत्या दगडाचा श्वास बंद करायला कोणी छिन्नी घेऊन शिडीवर चढत नाही.

हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तर मुद्दाम काही केलं नव्हतं. पण श्वास?

आणि सकाराला जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडपाशी, सुमारे ४६०० वर्षांपूर्वीची, राजाची एक मूर्ती सापडली. चारी बाजूंनी बंद अशा दगडी खोलीत बसवलेली. पण समोरच्या भिंतीला मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन गोल भोकं. तिला बाहेरचं दिसावं, धूप आत यावा. मी उठून माळ्यावरच्या खोक्याकडे बघितलं. माझ्या खोक्याला भोकं नव्हती.

इथे वाचनाकडे परत येऊ या, कारण धीर तिथूनच मिळाला. देव उद्धवाला आठ प्रकार सांगून थांबत नाही. पुढे सांगतो, की मूर्ती स्थिर असते किंवा चल असते. स्थिर मूर्तीला रोजचं आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीला ते करावं किंवा न करावं. मातीच्या वेदीवर पूजा असेल तर मात्र दोन्ही आहेत. कोरडा नियम वाटतो ना? पण त्याच्या पोटात काय आहे बघा. देव येतो आणि देव जातो. दगड त्याच्या येण्याची जागा आहे. आपण बोलावतो म्हणून तो बसतो, आपण निरोप देतो तेव्हा उठतो. दगडात देव आहे हेही खरं, आणि दगड फुटला तर देव फुटत नाही हेही खरं. लहानपणी गणपती बुडवताना रडून झालं, की घरी येऊन रिकाम्या मखराला आरती करायचो, तेव्हा हे आपल्याला कळत होतं. मोठेपणी विसरलो.

इजिप्तचे पुरोहितही मूर्तीलाच देव म्हणून मोकळे झाले नव्हते. डेंडेराला हाथोर देवीचं मंदिर आहे. तिथल्या लेखांत देवीचा 'बा', म्हणजे तिचं चैतन्य, आकाशातून पक्ष्यासारखं उतरतं आणि मूर्तीशी मिळतं असं येतं. नव्या वर्षी तिची मूर्ती जिन्यानं गच्चीवर नेत, सूर्यकिरणांचा स्पर्श व्हावा म्हणून. त्या जिन्याच्या भिंतींवर मिरवणूक कोरलीय, आणि पायऱ्या इतक्या झिजल्यात की दगड वितळल्यासारखा दिसतो. मूर्ती तीच, पण भेट पुन्हा पुन्हा घडवून आणावी लागते. अगदी आपल्यासारखंच, रोज सकाळी.

मग मूर्ती जुनी झाली, मोडली, तर ते काय करत?

याचं उत्तर १९०३ च्या डिसेंबरात सापडायला लागलं. जॉर्ज लग्रँ हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ कर्नाकच्या सातव्या दरवाजासमोरच्या अंगणात खणत होता. जमिनीखाली मूर्ती लागल्या. एकीखाली एक, एकीखाली एक. खाली पाणी लागलं, तरी मूर्ती संपेनात. मजूर गुडघाभर चिखलपाण्यात उभे राहून दगडी माणसं वर काढत होते, आणि हे काम काही वर्षं चाललं. ७०० हून जास्त दगडी मूर्ती आणि सुमारे १७,००० लहान कांस्यमूर्ती. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या काळातल्या. राजे, देव, अधिकारी, पुरोहित, सगळे एका खड्ड्यात.

आधी मला ती कचराकुंडीच वाटली होती. पण नीट बघा. हा खड्डा मंदिराच्या बाहेर नाही, आत आहे. मंदिर मूर्तींनी भरून गेलं होतं, कित्येक जुन्या, भंगलेल्या, ज्यांची घराणीही उरली नव्हती अशा होत्या. पुरोहितांना त्या फेकता येत नव्हत्या, कारण त्या देवाला दिलेल्या होत्या. कांस्य वितळवता आलं असतं, दगड बांधकामाला वापरता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. देवाच्याच अंगणात, देवाच्याच हद्दीत खोल खड्डा करून सगळ्यांना एकत्र झोपवलं. वरून माती लोटली. मूर्तीचं काम संपलं होतं, नातं संपलेलं नव्हतं, असं मला ते दिसलं.

आणि मला माझ्या आठ महिन्यांचं खरं कारण कळलं. मी विठोबाला सोडत नव्हते असं मी समजत होते. मी आईला सोडत नव्हते. विसर्जन म्हणजे टाकून देणं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं, आणि आईच्या हातचं काही मी टाकणार नव्हते. काका नियम सांगत होते. त्या नियमात माया आहे हे मला कर्नाकच्या चिखलातून कळायचं होतं, तर तसं.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही आता थोडं आहे माझ्याकडे. यांची पूजा आता कोण करतं? फिलाई बेटावर इसिस देवीचं मंदिर होतं. तिथल्या एका भिंतीवर, मंडुलिस नावाच्या देवाच्या आकृतीशेजारी, एका पुरोहितानं चित्रलिपीत काही ओळी कोरल्या. त्याच लेखाखाली पडणारी तारीख आपल्या हिशेबानं २४ ऑगस्ट ३९४. जगात सापडलेला त्या लिपीतला हा शेवटचा लेख. त्याच्या आधी तीन हजार वर्षांहून जास्त काळ लोक ती लिपी लिहीत होते. भोवतालचं राज्य ख्रिस्ती झालं होतं, देवळं एकेक बंद होत होती, आणि हा माणूस आपल्या देवाशेजारी बसून लिहितो, की हे सदासर्वकाळासाठी. पुढे कोणाला ते वाचताच येईना. शांपोल्यॉंनं १८२२ साली ती लिपी उलगडली, तोवर चौदाशे वर्षं गेली होती.

आई असती तर म्हणाली असती, म्हणजे शेवटपर्यंत कुणीतरी होतं तर. तेवढ्यावर तिचं समाधान झालं असतं.

परवा काकांना फोन केला. म्हटलं, "काका, या रविवारी माहुलीला जाऊ या. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर." काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजींना सांगतो. तू देवाला घेऊन ये, आणि दहीभात कर नैवेद्याला." आठ महिने का लावलेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. काकांना मी नियमाचे समजत होते.

आज पहाटे खोकं खाली काढलं. खण उलगडला. विठोबाला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, आई घालायची तशी, आधी पाय, मग वर. पुसताना नाकाच्या टवक्यात बोट अडकलं. तिथला दगड आतून करडा आहे, बाहेरच्यासारखा काळा नाही. म्हणजे तो काळेपणा तेलाचा आणि हातांचा होता. पणजीचा, आजीचा, आईचा. गंध उगाळलं, कपाळाला लावलं, तुळशीचं पान वाहिलं. रविवारपर्यंत तो देवघरातच राहील, पाटावर, बाकीच्यांच्या शेजारी. काकांना सांगितलंय, ते म्हणाले राहू दे चार दिवस.

उठताना फरशी ओली होती. उलट्या पावलांनी बाहेर आले.

उद्या याच अध्यायाचा पुढचा भाग घेऊ, पूजेच्या उपचारांचा. राम कृष्ण हरी.